ऑक्सिजन कुणाच्या बाजूने?

या वेळच्या पत्रांत इथरने गर्दी केली आहे. इथर म्हणजे ज्यात एकाच ऑक्सिजनच्या दोन्ही हातांना कार्बनचे गट असतात तो पदार्थ; नुसतं 'इथर' म्हटलं की बहुतेकदा डायइथाइल इथर. एकाच विषयावर चार पत्रं आली की समजायचं, कुठेतरी परीक्षा जवळ आली. मी ३५ वर्षं प्रात्यक्षिकं घेतली आणि त्यातला बराचसा वेळ एकाच वाक्याशी भांडण्यात गेला: "बाई, पण समीकरण तर जुळतंय!" तेच वाक्य पहिल्या पत्रात पुन्हा भेटलं, म्हणून त्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : अ‍ॅनिसोल आणि हायड्रोजन आयोडाइड यांच्या अभिक्रियेत मी आयोडोबेंझीन आणि मिथेनॉल तयार होतं असं लिहिलं. चूक ठरलं. फिनॉल आणि मिथाइल आयोडाइड हवं होतं म्हणे. मी दोन्हीकडचे अणू तीनदा मोजले, बरोबर जुळतात. मग माझं चुकलं कुठे? (पदवीच्या पहिल्या वर्षातला विद्यार्थी)

उत्तर : मोजणीत तू चुकला नाहीस. पण समीकरण म्हणजे जमाखर्च. तो कागदावर जुळला म्हणजे व्यवहार झालाच असं नाही. अ‍ॅनिसोलमधल्या ऑक्सिजनच्या एका हातात बेंझीनचं वलय आहे आणि दुसऱ्या हातात मिथाइल. कुठला हात सुटतो, एवढाच प्रश्न आहे, आणि अणू मोजून त्याचं उत्तर मिळत नाही.

आधी आम्लातला प्रोटॉन ऑक्सिजनवर बसतो. ऑक्सिजनवर धन प्रभार येतो आणि त्याला आपली इलेक्ट्रॉनची जोडी परत हवीशी होते. म्हणजे कुठला तरी एक कार्बन सोडायचा. आता आयोडाइड येतो. मिथाइलच्या कार्बनभोवती तीन चिमुकले हायड्रोजन, मागची बाजू सताड उघडी. आयोडाइड ऑक्सिजनच्या बरोबर उलट्या बाजूने शिरतो, कार्बनला धरतो आणि ऑक्सिजन सुटतो. पुस्तकात एसएन-२ म्हणून उलटलेल्या छत्रीचं चित्र असतं, तेच हे.

आता हाच आयोडाइड वलयाच्या कार्बनकडे पाठवून बघ. मागून यायचं म्हणजे कुठून? त्या कार्बनच्या मागे वलयाचं पोट आहे. सहा कार्बनांच्या मधून वाट काढायची, तीही पाय इलेक्ट्रॉनांच्या (वलयाच्या वर-खाली पसरलेल्या सामाईक इलेक्ट्रॉनांच्या) ढगातून, आणि येणारा स्वतः ऋण प्रभाराचा. वाटच नाही. बरं, कुणी धक्का न देता बंध आपणहून तुटेल म्हणावं, तर मागे फिनाइल कॅटायन, म्हणजे धन प्रभार घेऊन बसलेलं वलय, उरेल, आणि तो इतका अस्थिर आहे की या परिस्थितीत तयारच होत नाही.

शिवाय मुळात हा बंधच चिवट आहे. ऑक्सिजनवरच्या दोन एकाकी जोड्यांपैकी एक जोडी वलयातल्या इलेक्ट्रॉनांत मिसळलेली असते, त्यामुळे वलय आणि ऑक्सिजन यांच्यातला बंध एकेरी न राहता थोडा दुहेरीकडे झुकतो. मोजमापात हे सरळ दिसतं. अ‍ॅनिसोलमध्ये वलयाकडचा कार्बन-ऑक्सिजन बंध सुमारे १.३६ अँगस्ट्रॉम लांब आहे, मिथाइलकडचा सुमारे १.४२. एकाच ऑक्सिजनचे दोन हात, पण पकड वेगळी. (एखादा चौकस वाचक म्हणेल, प्रोटॉन बसल्यावर ती जोडी वलयाला मिळणार कशी? बरोबर आहे, तेव्हा हा आधार बराच कमी होतो. म्हणून मी निव्वळ या कारणावर विसंबत नाही. वलयाकडे जायला वाटच नाही, हे कारण प्रोटॉन असो-नसो लागू राहतं.)

याच कारणाने हायड्रोजन आयोडाइड कितीही जास्त घातलं तरी फिनॉल (ज्यात ओएच गट थेट वलयाला जोडलेला असतो) फिनॉलच राहतं. डायइथाइल इथरमध्ये तसं नसतं. तिथे आधी इथेनॉल सुटतं, आणि आम्ल पुरेसं असेल तर त्याचंही इथाइल आयोडाइड होतं.

आता धोक्याची सूचना. या उत्तरावरून "लहान गटाला आयोडाइड मिळतं" असं वाक्य वहीत लाल शाईने लिहून ठेवशील. लिहू नकोस. टर्शरी ब्युटाइल मिथाइल इथर घेतलंस तर लहान गट मिथाइल आहे, तरी आयोडाइड जातं टर्शरी ब्युटाइलकडे आणि मिथेनॉल सुटतं. कारण तिथे बंध आधी आपणहून तुटतो. टर्शरी कार्बनवरचा धन प्रभार शेजारचे तीन कार्बन सांभाळून घेतात, आणि आयोडाइड नंतर निवांत येतो. बेंझाइल मिथाइल इथरमध्येही बेंझाइल आयोडाइड मिळतं. वलय तिथेही आहे! पण ऑक्सिजन वलयाला चिकटलेला नाही, एक कार्बन सोडून आहे. फिनाइल आणि बेंझाइल यांच्यात एका कार्बनचा फरक, आणि निकाल उलटा. डायफिनाइल इथरचे तर दोन्ही हात वलयांत अडकलेले. ते हायड्रोजन आयोडाइडला सहसा दाद देत नाही. त्याच्या या चिवटपणाचा उपयोगही होतो: बायफिनाइलबरोबर मिसळून ते कारखान्यांत ४०० अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत उष्णता वाहून न्यायला वापरतात.

तुझ्या या प्रश्नावर एक अख्खी पृथक्करण पद्धत उभी आहे. १८८५ साली सायमन झाइझेल यांनी हीच अभिक्रिया मोजमापाला जुंपली. अनोळखी पदार्थात मिथॉक्सी गट (मिथाइल अधिक ऑक्सिजन) किती, हे शोधायचं असेल तर तो हायड्रोआयोडिक आम्लाबरोबर उकळायचा, निघणाऱ्या मिथाइल आयोडाइडची वाफ सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात सोडायची आणि पडलेलं पिवळसर सिल्व्हर आयोडाइड वजन करायचं. १ ग्रॅम शुद्ध अ‍ॅनिसोलमधून सुमारे २.१७ ग्रॅम सिल्व्हर आयोडाइड मिळायला हवं. करून बघ हिशोब, रेणुभार अनुक्रमे १०८ आणि २३५ धर. तू लिहिलंस तसं आयोडोबेंझीन तयार होत असतं, तर आयोडिन वलयालाच चिकटून चंबूत बसलं असतं, आणि झाइझेल कोरड्या हाताने परतले असते.

प्रश्न : एका पुस्तकात मिथॉक्सी गट इलेक्ट्रॉन ओढणारा म्हटलाय, दुसऱ्यात देणारा. वर्गात मी नेमकं काय सांगू? मुलं मला खिंडीत पकडतात. (नव्याने शिकवू लागलेली शिक्षिका)

उत्तर : दोन्ही सांगा, आणि दोन्ही एकाच वेळी खरं आहे असं सांगा. ऑक्सिजन एका वाटेने ओढतो आणि दुसऱ्या वाटेने देतो. सिग्मा बंधातून (दोन अणूंना थेट जोडणाऱ्या साध्या बंधातून) तो ओढतो, कारण त्याची विद्युतऋणता कार्बनपेक्षा जास्त. पाय इलेक्ट्रॉनांच्या वाटेने तो देतो, कारण त्याची एकाकी जोडी वलयात मिसळते. ओढणं सगळीकडे पोचतं, अंतराबरोबर कमी होत जातं. देणं मात्र निवडक जागी पोचतं: ऑर्थो (वलयावरची लगतची जागा) आणि पॅरा (बरोबर समोरची). मेटाला (एक कार्बन सोडून असलेल्या जागेला) काही नाही.

मुलांना पटत नसेल तर आम्लांचे आकडे फळ्यावर लिहा. बेंझोइक आम्लाचा पीकेए ४.२० (हा आकडा जितका लहान, तितकं आम्ल तीव्र). मेटा जागी मिथॉक्सी असलेल्या आम्लाचा ४.०९, म्हणजे आम्ल थोडं तीव्र झालं. मेटाला नुसतं ओढणं पोचतं. पॅरा जागी मिथॉक्सी ठेवला की ४.४७, म्हणजे आम्ल सौम्य झालं. तिथे देणं ओढण्यावर मात करतं. गट तोच, फक्त खुर्ची बदलली. हे तीन आकडे मी कित्येक वर्षं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचे आणि व्याख्या मागाहून द्यायचे.

वलयावरच्या अभिक्रियांत तर देणंच जिंकतं. साध्या बेंझीनवर ब्रोमीन चढवायला लोहाचा ब्रोमाइड लागतो. अ‍ॅनिसोलला तो लागत नाही. अ‍ॅसेटिक आम्लात नुसतं ब्रोमीन घातलं की रंग जातो आणि ९० टक्क्यांच्या आसपास पॅरा-ब्रोमोअ‍ॅनिसोल मिळतं. ब्रोमीन पॅरा जागी बसतं तेव्हा मधल्या अवस्थेत वलयावर धन प्रभार असतो. तो फिरत फिरत मिथॉक्सीच्या शेजारच्या कार्बनवर आला की ऑक्सिजन आपली जोडी पुढे करतो आणि एक जास्तीची रचना काढता येते, ज्यात प्रत्येक कार्बनचं आणि ऑक्सिजनचं अष्टक पूर्ण आहे. मेटावर हल्ला झाला तर प्रभार त्या कार्बनवर येतच नाही. ऑक्सिजन मदतीला तयार उभा, पण हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही.

पुढचा प्रश्न येणारच: मग क्लोरीन? त्याच्याकडेही एकाकी जोड्या आहेत. हो, आणि तोही ऑर्थो-पॅराकडेच पाठवतो. पण क्लोरोबेंझीनचं नायट्रेशन (वलयावर नायट्रो गट बसवणं) बेंझीनच्या जेमतेम तिसाव्या भागाच्या वेगाने होतं. क्लोरीनची जोडी तिसऱ्या कक्षेतली, कार्बनची दुसऱ्या कक्षेतली. दोन्ही नीट एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे देणं तोकडं पडतं आणि ओढणं तसंच राहतं. ऑक्सिजन आणि कार्बन एकाच ओळीतले शेजारी, त्यांचं जमतं.

प्रश्न : अ‍ॅनिसोल बनवायला ब्रोमोबेंझीन आणि सोडियम मिथॉक्साइड का चालत नाही?

उत्तर : पहिलं उत्तर पुन्हा वाच. वलयाच्या कार्बनवर मागून जाता येत नाही, मग तिथून ऑक्सिजन काढायचा असो की ब्रोमीन. म्हणून फिनॉलपासून सोडियम फिनॉक्साइड करायचं आणि त्यावर मिथाइल आयोडाइड घालायचं. एसएन-२चा मार मिथाइलने सोसायचा, वलयाने नाही. तसंच टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइडवर मिथॉक्साइड घालून इथर मागू नकोस. मिथॉक्साइड तिथे आम्लारीसारखं वागून हायड्रोजन हिसकावतं आणि तुझ्या हाती आयसोब्युटिलीन वायू देतं. उलटं कर: टर्शरी ब्युटॉक्साइड आणि मिथाइल आयोडाइड.

जाता जाता: ज्यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते ते अलेक्झांडर विल्यमसन १८५० साली इथर बनवायला बसलेच नव्हते. अल्कोहोलमध्ये आणखी एक इथाइल घुसवून वरच्या पायरीचं अल्कोहोल मिळवायचा त्यांचा बेत होता. चंबूत निघालं साधं, ओळखीचं इथर. निराश होण्याऐवजी त्यांनी ओळखलं की याचा अर्थ इथरमध्ये एकाच ऑक्सिजनवर दोन इथाइल आहेत. मग दोन वेगळे गट घेऊन मिश्र इथर बनवून दाखवलं, आणि इथरच्या सूत्रावरचा जुना वाद मिटायला लागला.

प्रश्न : अ‍ॅनिसोलवर फ्रिडेल-क्राफ्ट्स करताना अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड इथरचाच बंध तोडणार नाही का?

उत्तर : फ्रिडेल-क्राफ्ट्स म्हणजे अशा क्लोराइडच्या मदतीने वलयावर कार्बनचा गट चढवणं. थंड ठेवलं आणि वेळेत थांबवलं तर बंध सहसा तुटत नाही. पॅरा-मिथॉक्सीअ‍ॅसिटोफिनोन छान मिळतं. तापवत बसलात तर मात्र मिथाइल जाऊन फिनॉल मिळायला लागेल. मुद्दाम मिथाइल काढायचंच असेल तर बोरॉन ट्रायब्रोमाइड बरं. ते उणे ७८ अंशांना घालतात आणि मग सावकाश खोलीच्या तापमानाला येऊ देतात.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या कपाटात इथरची एक जुनी बाटली सापडली. झाकणाभोवती पांढरे कण जमलेत. लेबल पुसट आहे. गाळून वापरू का? (प्रयोगशाळा साहाय्यक)

उत्तर : हात लावू नका. हे पत्र छापून येईपर्यंत थांबायला नको म्हणून तुम्हाला आधीच कळवलं आहे, पण बाकीच्यांसाठी इथे लिहिते. झाकण फिरवू नका, बाटली हलवू नका, उचलून दुसऱ्या खोलीत तर अजिबात नेऊ नका. खोली बंद करा, दारावर पाटी लावा आणि स्फोटक पदार्थ हाताळणाऱ्या प्रशिक्षित माणसांना बोलवा.

ते कण मीठ किंवा धूळ नसून पेरॉक्साइड असण्याची शक्यता आहे. इथरमध्ये ऑक्सिजनच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज निसटतो, कारण मागे राहिलेल्या मूलकाला (एकटा इलेक्ट्रॉन उरलेल्या तुकड्याला) शेजारचा ऑक्सिजन आपल्या जोडीने आधार देतो. (तीच जोडी. वलय दिसलं नाही म्हणून ती गप्प बसत नाही.) त्या जागी हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो आणि हायड्रोपेरॉक्साइड तयार होतं. प्रकाश आणि हवा यांनी हे काम वेगाने होतं. डायआयसोप्रोपाइल इथर या बाबतीत सर्वांत कुप्रसिद्ध, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना असे सैल हायड्रोजन आहेत. झाकणाच्या आट्यांत अडकलेला पेरॉक्साइडचा स्फटिक नुसत्या घर्षणाने फुटू शकतो.

ज्या बाटल्या चांगल्या दिसतात त्यांच्यासाठी: उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा, गडद काचेत आणि थंड जागी ठेवा. वापरण्याआधी थोडं इथर आम्ल घातलेल्या पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाबरोबर हलवून बघा. पिवळं-तपकिरी झालं की पेरॉक्साइड आहे. आणि इथरचं ऊर्ध्वपातन कधीही कोरडं होईपर्यंत करू नका. पेरॉक्साइड इथरपेक्षा उशिरा उकळतं, म्हणून ते चंबूच्या तळाशी साठत जातं. शेवटचे काही मिलिलिटर वाचवायच्या नादात माणसं जखमी झाली आहेत.

पेरॉक्साइड नसलं तरी इथर साधं नाही. मी नोकरीत नवी असताना एका मोठ्या टेबलाच्या टोकाला इथरने अर्क काढत होते. दुसऱ्या टोकाला, चांगलं दोन-अडीच मीटरवर, एकाने बर्नर पेटवला. इथर ३४.६ अंशांना उकळतं, त्याची वाफ हवेपेक्षा अडीच पटींहून जड. ती वर उडून जात नाही, टेबलावरून पाण्यासारखी पसरते. ज्योत त्या वाटेने उलटी धावत माझ्याकडे आली. आवाज फारसा झाला नाही, नुसता "फप्". कुणाला लागलं नाही. माझ्या भुवया परत यायला दोन महिने गेले, आणि तेवढे दिवस वर्गात कुणीही इथरबद्दल शंका विचारली नाही.

प्रश्न : मैत्रिणीने अलिल फिनाइल इथर नुसतं २०० अंशांना तापवलं. आम्ल नाही, उत्प्रेरक नाही. शेवटी फेरिक क्लोराइडची चाचणी घेतली तर जांभळा रंग आला. इथरमधून फिनॉल आलं कुठून? तिच्या चंबूत पाणी राहिलं असेल का?

उत्तर : मैत्रिणीचा चंबू कोरडा होता, तिला सॉरी म्हण. ही क्लायझेन पुनर्रचना. लुडविग क्लायझेन यांनी १९१२ साली ती मांडली. रेणूतला एकही अणू बाहेर जात नाही आणि बाहेरून येत नाही. अलिल गट (तीन कार्बनांची साखळी, टोकाला दुहेरी बंध) ऑक्सिजन सोडून शेजारच्या ऑर्थो कार्बनवर जाऊन बसतो. सहा अणू क्षणभर गोल करून उभे राहतात, एका टोकाला बंध तुटतो, त्याच वेळी दुसऱ्या टोकाला जुळतो. आधी डायइनोन (वलयाचं खास स्थैर्य हरवलेला मधला टप्पा) तयार होतं, मग हायड्रोजन सरकून वलय पुन्हा अ‍ॅरोमॅटिक होतं आणि ऑर्थो-अलिलफिनॉल मिळतं. तुला दिसलेला जांभळा रंग त्याचा.

गंमत अशी की अलिलचं जे टोक ऑक्सिजनला धरून होतं, ते वलयाला चिकटतच नाही. चिकटतं ते लांबचं, मोकळं टोक. हे नुसतं कागदावरचं चित्र नाही. एका टोकाला किरणोत्सारी कार्बन-१४ घालून तपासलं तेव्हा गट खरोखर उलटा होऊन बसलेला सापडला. दोन्ही ऑर्थो जागा आधीच भरलेल्या असतील तर अलिल तिथे टेकतो, हायड्रोजन नसल्याने स्थिर होऊ शकत नाही, आणि आणखी एक उडी मारून पॅराला जातो. दोन उड्यांत दोनदा उलटतो, म्हणजे पुन्हा मूळच्या टोकाने जोडलेला! मैत्रिणीला सांग, पुढचा प्रयोग तो करू दे.

प्रश्न : प्रात्यक्षिकात आम्हाला बेंझीन का देत नाहीत? सगळी उदाहरणं तर बेंझीनचीच.

उत्तर : कारण त्याने माणसात रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध आहे. टोल्युइन किंवा अ‍ॅनिसोलवर शिका. नियम तेच, आणि नवा गट ऑर्थो-पॅराला जातो की मेटाला, ती दिशाही शिकायला मिळते.

दुरुस्ती : मागच्या अंकात टोल्युइनच्या नायट्रेशनबद्दल मी "मुख्यतः पॅरा" असं लिहून मोकळी झाले. तीन वाचकांनी कान धरला. आकडे असे: ऑर्थो सुमारे ५९ टक्के, पॅरा ३७, मेटा ४. चूक माझीच. एवढंच लक्षात घ्या की ऑर्थोच्या जागा दोन आहेत आणि पॅराची एक. जागेमागे हिशोब केला तर ऑर्थोच्या प्रत्येक जागेला साडेएकोणतीस टक्के आणि पॅराच्या एकट्या जागेला ३७. तिघांपैकी एकीने हा भागाकारही करून पाठवला होता, आणि खाली लिहिलं होतं, "बाई, या वेळी समीकरण जुळलं नाही."